फोटोतला मागचा चेहरा

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, कलाशाळेतले शिक्षक आणि कर्मचारी, लांबून आलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते छायाचित्रकार सर, सगळ्यांना माझा नमस्कार.

सरांना मी लहानपणापासून काका म्हणते. आजही तेच म्हणेन, तेवढी सूट असावी. व्यासपीठावर लावलेला, काकांनीच काढलेला हा मोठा फोटो माझ्या वडिलांचा आहे, म्हणून संयोजकांनी मला बोलावलं. "पाच मिनिटं बोला आणि गोड बोला," असं बजावलंही आहे. पाच मिनिटांचं बघते. गोडाचं सांगता येत नाही.

फोटोत बाबा, शिल्पकार, आपल्या कामाच्या खोलीत, स्टुलावर. कोपरापर्यंत माती, चष्म्यावरसुद्धा माती. काका ओरडत होते, "अरे, चष्मा तरी पूस!" आणि बाबा म्हणत होते, "पुसला तर तुझं तोंड दिसेल, मग हसू आवरायचं नाही." त्यांच्या खांद्यामागे, जरा अंधारात, मातीचा एक चेहरा आहे. बहुतेकांचं तिकडे लक्ष जात नाही. ती माझी आई.

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. चार महिने खपून बाबांनी तो चेहरा नुसत्या आठवणीतून केला होता. ओली माती उघडी ठेवून चालत नाही. पाणी शिंपडून ओलं कापड गुंडाळावं लागतं. नाही तर नाक-कान आधी सुकतात, माती आकसते, आतला सांगाडा काही आकसत नाही, आणि चेहरा फाटतो. फोटो झाला त्याच दुपारी बाबा दुसऱ्या पुतळ्याच्या ओतकामासाठी परगावी निघाले. जाताना म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ कापड भिजव. विसरू नकोस, बाई." मी एकोणीस वर्षांची होते.

चौथ्या दिवशी ते परतले, तेव्हा डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत भेग गेली होती. एक कान गळून पडला होता. नेमके तेव्हाच काका फोटो घेऊन आले. बघून म्हणाले, "माझ्या दिव्यांनी केलं हे. तीन तास तापत होते." बाबा एवढंच म्हणाले, "असेल." मी दारात चहाचा ट्रे धरून उभी होते. तशीच उभी राहिले.

बाबांनी तो चेहरा पुन्हा केला नाही. म्हणायचे, "आता ती मला फाटलेलीच आठवते."

माझ्याआधी तिघं बोलले. तिघांनीही काकांच्या खिडकीच्या उजेडाचं कौतुक केलं. त्या दिवसापासून चोवीस वर्षं या माणसाने कुणाच्या चेहऱ्यावर दिवा लावला नाही. आभाळ भरलं की आलेल्या माणसाला परत पाठवतात. काकू म्हणतात, "यांचं दुकान सूर्य चालवतो!" एका विद्यार्थ्याने तर या शैलीवर प्रबंध लिहिला. ती शैली नाही हो. ती शिक्षा आहे. आणि ती माझी होती.

बाबा परगावी गेले त्या संध्याकाळी कापड भिजवून, पिळून मी खोलीत गेले. ते आईच्या तोंडावरून ओढायचं होतं. दवाखान्यात नर्सने चादर वर ओढली, तेव्हा मी शेजारीच उभी होते. पुन्हा ते माझ्याने होईना. वाटलं, आज राहू दे मोकळी. दुसऱ्या दिवशीही तसंच वाटलं. मी ताट घेऊन तिच्यासमोर बसले, जेवले, काय काय बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता आवाज आला. बारीक, नख मोडावं तसा. तो आवाज अजून माझ्या घरात आहे. कधी कपाटातून येतो, कधी निवणाऱ्या भांड्यातून. मी दर वेळी वळून बघते.

बाबांना सांगायचं राहून गेलं. काकाही उद्या गाव सोडून लेकीकडे राहायला निघालेत.

काका, तुम्ही मान हलवताय. तुमचं मन राखायला मी हे सांगतेय, असं वाटतंय ना? मग तुमचाच फोटो बघा. मघापासून तुम्ही एकदाही तिकडे पाहिलेलं नाही. हा त्या दिवशीचा शेवटचा फोटो, दिवे तीन तास जळून झाल्यावरचा. आईच्या हनुवटीवर पाण्याचा थेंब लोंबतोय. बाबा मधूनमधून शिंपडत होते. माती ओलीचिंब होती, काका. तुम्ही दिवे आवरून निघालात तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं.

बोलू दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आणि संयोजकांचे मनापासून आभार. समारंभाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, वेळही जास्त झाला, ते सभेने पोटात घालावं. काकांकडे मात्र एवढ्या सहजपणे माफी मागण्याचा हक्क मला नाही. ते रागावले तरी रास्तच आहे. मी इथे खाली, पहिल्या रांगेत बसते. काका, एकदा वर आईकडे बघा. मग जमलं तर माझ्याकडे.