पाण्याचा घात अन् माहा पदर

मी मारेगावची. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीतलं, नाही तं नाल्यातलं, तेही गुडघ्याएवढं. लग्न होऊन यवतमाळले आली अन् दुसऱ्याच वर्षी आमच्या ह्यांची जंगल खात्यातली बदली निघाली, ते थेट अंदमानले. साठ-बासष्टची गोष्ट असन. काय सांगू तुम्हाले, निघताना सासूबाईनं मले सैपाकघरात नेलं अन् सांगतलं का ह्याच्या पत्रिकेत पाण्याचा घात हाय, माहा एकुलता एक हाय, त्याले समुद्रात पाय घालू देऊ नोको. अन् मी अठरा वर्षाची शहाणी, मान अशी हलवली जसा काई समुद्र माह्याच हुकुमात होता.

तिथं बेटच ते, जिकडं पाहा तिकडं पाणी. ह्यांले हपिसातून याले उशीर झाला का मी बंदरावर जाऊन उभी.

एका रविवारी सायबाचे पाहुणे आले, त्याइले समुद्रातले जनावरं दाखवाले होडी ठरली, अन् सायेब म्हणे तुम्हीबी चला जोडीनं. मी ह्यांले म्हटलं, कायले जाता, पोट दुखून राह्यलं म्हणा. ते म्हणे तुहं दुखून राह्यलं असन, माहं नाही. मंग मी काय अक्कल लढवली, तं होडीत बसल्याबरोबर लुगड्याचा पदर गुपचूप ह्यांच्या पट्ट्याले बांधला. बुडाले तं वढून काढीन म्हणे. मले पोहता येत नव्हतं, हे त्या शहाणीच्या ध्यानातच नाही आलं. हेबी लिहा, लिहून राह्यले तं.

नावाड्यापाशी तळाले काच लावलेला लाकडी डबा होता, तो पाण्यात धरायचा अन् वरून पाहायचं. बाकीच्या बाया मासोळ्या पाहून राह्यल्या अन् मी ह्यांचा पट्टा. शेवटी ह्यांनीच माही मान धरून डब्यावर वाकवली. बाप्पा, खाली दगडाचे झाडंच झाडं, फांद्याइले फांद्या, अन् त्याइच्यातून निळ्या मासोळ्या सगळ्या एकदमच वळत, जशी कोण्या मास्तरनं छडी दाखवली. मंग कासव आलं, परातीएवढं, पाण्यात उडून राह्यल्यासारखं, निवांत. ते होडीखालून पलीकडं चाल्लं अन् मी सारी धास्ती इसरून त्याच्यामागं होडीच्या दुसऱ्या काठाकडं धावली. नावाडी वरडला बैठो बहन, पण तोवर मी पाण्यात, अन् माह्यामागं हे.

नाकातोंडात खारं पाणी. डोये उघडले तं ह्यांचं डोकं दिसेना, नुसती टोपी तरंगून राह्यली. मी गाठ सोडाले गेली, का मी बुडली तं बुडली, ह्यांले वढू नये, पण वली गाठ ते, सुटन कायले? नखं मोडले. मनात एकच, सासूबाई ज्या घाताले भेत होत्या तो मीच हाय.

तेवढ्यात ह्यांनी खांदा धरला. म्हणे, "पाय खाली टाक, अवं. उभी राय."

उभी राह्यली तं पाणी छातीवरी. होडीतले सारे हासले, हेबी हासले, मी मात्र रडली. सासूबाईले आम्ही शेवटवरी सांगतलं नाही.

आता ह्यांची नव्वदी येऊन राह्यली. घात येऊन गेला का अजून यायचा हाय, देवाले ठाऊक. हे आंघोळीले गेले का मी बाहेरून हाक मारते, आवाज देजा हो. आतून हे म्हणते, हाओ, जित्ता हाय. कधी कधी मले छळाले मुद्दाम गप राह्यते. तवा मी दाराले कान लावून उभी राह्यते, तांब्यातलं पाणी अंगावर पडल्याचा आवाज येईवरी.