सोमाचा पेला

दाताच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंचे कान मागच्या बाकावरच्या भावाबहिणीकडे लागले होते. पौरोहित्य करणारा भाऊ सोमयाग आटोपून कालच परतला होता आणि त्याचा आवाज काही केल्या खाली येत नव्हता.

“अक्का, सोमवल्ली कुटली, रस गाळला आणि आम्हा दोघांत पेला आला एकच!”

“दोघांत? तू आणि आपला धाकटा?”

“तोच! अकरा वर्षं माझ्याशी अवाक्षर न बोललेला!”

“अगंबाई! तुझं उष्टं प्यायला तो?”

“सोमाला उष्टं नसतं. पण पिण्याआधी सोबत्याला विचारावं लागतं. एकानं म्हणायचं, ‘मला बोलाव’. दुसऱ्यानं म्हणायचं, ‘बोलावलं’. त्याशिवाय थेंबही ओठाला लावायचा नाही.”

“आधी कोणी विचारायचं?”

“मी! पेला माझ्या हातात ना.”

“विचारलंस?”

“विचारलं. मंत्र तोंडपाठ, तरी दोनदा अडखळलो. तो मान खाली घालून बसलेला. सगळा मांडव खोळंबला!”

“अरे, जीव टांगणीला लावू नकोस!”

“‘बोलावलं,’ म्हणाला! मी प्यायलो. मग त्यानं विचारलं, मी बोलावलं. त्यानं घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि...”

“आणि काय?”

तेवढ्यात बाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी शेजारच्या माणसाला खुणेनंच आत पाठवलं.

“आणि मंत्र नाही, काही नाही, आपल्या साध्या बोलीत हळूच म्हणाला, ‘दादा, किती कडू आहे रे हे!’”