नानांचे मासे आणि सुधाकरची नोकरी

केजला मी मास्तर होतो त्या शाळेत कॉम्प्युटर नवा होता, तेव्हाची गंमत सांगतो. कारकुनाची जागा निघाली आणि माझा मित्र सुधाकर मुलाखतीला आला. त्याला दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम त्याने आदल्या दिवशीच आमच्या मशीनवर टाकून घेतला होता.

संस्थेचे अध्यक्ष नाना म्हणाले, "हे इंग्रजी पत्र ऐका आन् त्यात काय हाय ते सांगा."

वाचन सुरू झालं. पत्र लांब होतं आणि कुणी बटणाला हात लावत नव्हतं, म्हणून जरा वेळाने पडद्यावर स्क्रीनसेव्हरचे रंगीत मासे पोहू लागले. लगेच आवाज तोतरा झाला.

"कावून अडकायलाय बे?" सुधाकरने मला हळूच विचारलं.

"मासे आलेत. मशीनची सगळी ताकद तेच खायलेत."

"मग काढ की."

"मासे राहू द्या," नाना म्हणाले. "लई हौसेनं बसवून घेतलेत मी."

सुधाकरने काही बटणं दाबली. मशीनने आधी वाचणाऱ्या प्रोग्रामचं काम करायचं, मग माशांचं, अशी सोय लावली आणि पत्र पुन्हा सुरू केलं. मासे परत आले, पण आवाज काही अडला नाही. सुधाकरने पत्रातलं सगळं व्यवस्थित सांगितलं.

नाना मात्र पडद्याकडेच बघत होते. "आता मासे अडखळायलेत."

"अडखळू द्या, नाना," सुधाकर म्हणाला. "त्यांला कुठं नोकरीला लागायचंय?"

नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नेमणुकीचं पत्र त्यांनी तिथल्या तिथं टाइप करायला लावलं, तेही सुधाकरलाच.