एक साल हरभरा, एक साल करडई

हॅलो? … हां विमलावहिनी, जय भीम! बोल, आला का तो विमावाला? … शेतातच आहे? मग दाखव ना त्याला, गारांनी करडईची काय वाट लावलीय ती! … काय? … नुकसान दिसतंय, पण विमा हरभऱ्याचा आहे? … डोकं ठिकाणावर आहे का त्याचं?

अगं ऐक ना… ऐक… त्याला म्हणावं, हरभरा मागच्या साली होता. एक साल हरभरा, एक साल करडई, आबांपासून असंच चाललंय आपल्याकडे. एकाच रानात दरसाल हरभरा पेरला तर त्याला मर लागते, हे विमावाल्याला मी अंधेरीतून शिकवायचं? … हो, हो… सातबारावर करडईच आहे ना? मग झालं की! … फॉर्मशी जुळत नाही? जुळत नाही म्हणजे? कंपनीनंच काहीतरी घोळ घातला असणार…

श्वेता, तू मीटिंग सुरू कर यार, आले मी.

नाही गं वहिनी, ऑफिसातली. … दादा कुठाय? … बांधावर बसलाय? सकाळपासून? … थांब, मी आत्ता फॉर्म काढते, त्या माणसाच्या तोंडावरच फेकते. जाऊ देऊ नकोस त्याला. चहा पाज. … पाजलास? मग अजून एक पाज!

हां… उघडतोय… नाव, सीताराम… दादाचंच, बरोबर. गट नंबर बरोबर. पीक…

… आहे गं, आहे मी.

वहिनी, हरभराच लिहिलंय. … कंपनीनं नाही. मी. … मीच गं! लंच टाइममध्ये भरला होता. मागच्या वर्षीचीच माहिती ठेवायची का, असं विचारतं ते ॲप… मी हो दाबलं. एका हातात चपाती, एका हातात मोबाईल… आणि तुम्हाला वर ऐटीत सांगितलं, सेवा केंद्रात रांग कशाला लावता, मी मुंबईतून पाच मिनिटांत भरते! … दरवर्षी इथं वाकोल्यात घरी बसून तुमच्याच करडईचं तेल खाते, आणि मलाच आठवू नये?

काय? … नको. दादाला कंपनीची चूक म्हणून सांगू नकोस. … नको म्हणते ना! फोन दे त्याला. … दे गं.

दादा… फॉर्म मी चुकवला. … नाही रे, आता दुरुस्त होत नाही, मुदत गेली. … काय? … पुढच्या साली तिथं हरभराच आहे, म्हणजे मी एक वर्ष आधीच भरला? … हसू नकोस रे! … दादा, शिव्या दे मला, त्या विमावाल्यासमोर दे, पण असा हसू नकोस… … हसतोयसच ना तू, की रडतोयस? … दादा? … वहिनी, काय झालं गं त्याला? … हॅलो? … हॅलो?