इद्रिससाठी जमवलेली खोकी

आमचं गाव माण तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात आई-बाप खडी फोडायला जायचे आणि शाळेत आम्हाला सुकडी मिळायची, परदेशातनं आलेली, आणि साहेब आला की मास्तर आम्हाला ताटल्या पुढं धरून फोटोला उभं करायचे, काय सांगू ताई तुम्हाला, भूक होती पण मान वर व्हायची नाही.

पुढं गवंडीकाम शिकलो, दुबईला आलो, रास अल खोरला गोदामं बांधायला. तिथं टोळीत इद्रिस होता, इथिओपियाचा, कामावर शिकलेलं तुटकं हिंदी बोलायचा. त्याच्या गावात कुठल्याशा संस्थेनं पंप बसवला होता, तो बिघडला तर दुरुस्त करणारं कुणी नाही, म्हणून गावानंच ठरवलं, घरटी एक माणूस द्यायचा आणि ओढ्याला बांध घालायचा. मला म्हणायचा, भाई, दगड कसा बसवायचा ते दाखव. मग जेवणाच्या सुट्टीत मी वाळूत दगड रचून दाखवायचो.

गणपतीत आमच्या कामगारांच्या कॅम्पातल्या आपल्या लोकांनी जुने कपडे जमवून खोकी भरली, आफ्रिकेला मदत म्हणून. इद्रिस सुट्टीवर गावी निघालाच होता, त्याच्याकडंच द्यायचं ठरलं. आमचे चव्हाण, ऑफिसातले, हौशी माणूस, त्यांनी आरतीनंतर त्याला स्टेजवर बोलावलं, म्हणाले, यल्ला हबीबी, चल दोस्ता, हात पुढं कर, अजून जरा वर, फोटोत दिसू दे. आणि मला काय झालं कळलं नाही, मी वर चढलो, खोकं हिसकावलं, माईकवर म्हणालो, ह्याला नको तुमचं, हा भिकारी नाही. मला वाटलं, मोठं काम केलं.

खाली आल्यावर इद्रिस म्हणाला, तुला कुणी विचारलं होतं? माझ्या बहिणीला स्वेटर पाहिजे, आमच्या डोंगरात थंडी असते. नको म्हणायचं तर मी म्हणेन, दे म्हणायचं तरी मीच म्हणेन. त्यांनी माझे हात पसरायला लावले आणि तू माझं तोंड धरलंस.

ताई, त्याच्याकडं बघवेना. तो परत स्टेजवर गेला, खोकी उघडून सगळ्यांसमोर दोन स्वेटर निवडले, चव्हाणांना शुक्रिया म्हणाला, बाकीचं परत दिलं.

नंतर त्याचा एकदा फोन आला. बांध झाला, पण तू दाखवला तसा नाही, आमचा दगड वेगळा, म्हाताऱ्यांनी उतार बदलला. आणि हसला. मीपण हसलो, पण कान तापले होते.

आता मी अजमानला मुलाकडं असतो, नातू इंग्लिशमधनं विचारतो, आजोबा, तुम्ही आफ्रिकेला हेल्प केली का. मी नाही म्हणतो. इद्रिसच्या बांधात पाणी राहो, एवढंच मागतो.