पलीकडच्या होड्या

(मार्च २००९. मुळशी धरणाकाठच्या रिसॉर्टचं जेवणघर. जुईली पुण्याहून आलेली ऑडिटर, अनुसया तिथली स्वयंपाकीण.)

जुईली : पुरे मावशी, नको. पलीकडच्या काठावरही जायचंय मला.

अनुसया : बसा वो ताई. मासा आजचाच हाय.

जुईली : तिथल्या सहा होड्या बघितल्या की सुटले. इथल्या सहा सकाळीच पाहिल्या.

अनुसया : गाडीनं वळसा घालूनच जायचं ना? मग घाई कशापायी? वारं सुटलंय.

जुईली : वाऱ्याचं गाडीला काय?

अनुसया : गाडीला काय न्हाई.

जुईली : सारखं खिडकीतून काय बघताय?

अनुसया : मी बोलले म्हून सांगू नका कुटं. मालक म्हनला, बाईला जेवायला बसव, लवकर उठू देऊ नको.

जुईली : का पण?

अनुसया : तुमी जेवताय तवर होड्या पाण्यावरनं पलीकडं जात्यात. एकामागं एक दोरानं बांधून. दोन्ही काठाला मिळून सहाच हायेत.

जुईली : कर्जासाठी बँकेला बारा दाखवल्यात. मागच्या वर्षी आमच्या मनीष सरांनी बाराच लिहिल्या.

अनुसया : त्ये लई घाईचे. दोन घास खाल्ले न् उठले. मालकानं फोन केला, हाण लवकर. वल्ह्यावर माझा प्रदीप हुता.

जुईली : मागच्या वर्षी बुडाला तो प्रदीप तुमचा? तो मासे धरायला गेला होता, असं फायलीत वाचलं मी.

अनुसया : तसं मालकानं लिवून दिलं. वाऱ्यानं होड्या आपसूक काठाला लागल्या. साहेबांनी मोजल्या, सहा भरल्या. पोरगं दोन दिसांनी गावलं.

जुईली : सर एकदाच बोलले होते. म्हणाले, तिथले दोर ओले होते. तरी सही केली.

अनुसया : म्हंजी त्यास्नी कळलं हुतं.

जुईली : कळलं असणार. पण आमची फी मालकच देतो, मावशी. सही नाही केली तर पुढच्या वर्षी दुसरा ऑडिटर.

अनुसया : आज धाकटा हाय वल्ह्यावर.

जुईली : अहो, पाठवलंत कसं त्याला?

अनुसया : मी हितं चुलीपाशी, त्याचा बा गेटावर. न्हाई म्हनून जावं कुटं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार हाय आमाला. रोज भांडी घासताना पानी वाजलं की वाटतं, थोरला हाक मारतोय. ओ देती मी. सगळी हसत्यात.

जुईली : थांबा, मालकाला फोन करते. मागं बोलवू दे त्याला.

अनुसया : नगा. मधीच वळला तर वारं आडवं घुसंल. तसाच जाऊ द्या.

जुईली : मग तो काठाला लागेपर्यंत मी इथून उठत नाही.

अनुसया : आन् लागल्यावर?

जुईली : सही नाही. जे आहे ते लिहीन, सर काहीही म्हणोत. तुमचं नाव येणार नाही.

अनुसया : मालक वळखंल. काम जाईल आमचं.

जुईली : जाईल कदाचित.

अनुसया : ते मागनं बगू. आधी त्याला पोचू द्या, ताई.