वाणाचं स्टूल

मी मूळची उमरेडची, घरी माग होता. आमच्या मागाले खड्डा राहते, विणणारा माणूस त्यात पाय सोडून बसते, तं बाबा दिवसभर त्या खड्ड्यात अन् माय म्हणे बसून बसून कंबर गेली या माणसाची. मले वाटे आपण उभ्यानं करायचं काम धरावं. देवानं तेवढंच ऐकलं, बाकी काही नाई ऐकलं. मंग माग विकला, लगन होऊन मी नागपूरले आली अन् इथं प्रताप नगरच्या या किराणा दुकानात लागली. कंपनीची शहरभर दुकानं आहेत, हापिस सदरले. लोक विचारतात, कॅशवर बसते का वं तू? काय सांगू तुम्हाले ताई, तिथं कोणी बसत नाई. सकाळी शटर उघडलं का उभं, जेवाची सुट्टी सोडली तं उभंच.

आता ही मंदा पहा, माह्या बाजूच्या काउंटरची. नवरा कोराडीले कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, वारला, तवापासून ही दुकानात. पोटऱ्यांवर नसांच्या गाठी आल्या तिच्या. एक पाय चपलीतून काढते, जराशी टेकते, मंग दुसरा. तं वरून कॅमेऱ्यात पाहणारा तो पोट्टा साऱ्या गिऱ्हाइकांपुढं माइकवर म्हणते, तीन नंबर, सीधे खड़े रहो. तिच्या लेकापेक्षा लहान असन तो. माही तळपायाची आग मस्तकात जाते.

दर तीन वर्षांनी कंपनीसंगं आमचा करार होते. यावेळी बायाईनं मले बोलणीले पाठवलं. मी पहिलीच मागणी ठेवली का हर काउंटरले स्टूल, अन् ते करारात लिहून. सदरचा साहेब म्हणे गिऱ्हाइकाले बरं नाई दिसत. मी म्हटलं, साहेब, तुम्ही कशावर बसून हे सांगून राहिले? गोल फिरणारी खुर्ची होती त्याची. तो हासला, मी नाई हासली. आम्ही हडताळीच्या कागदावर सह्या केल्या, का संक्रांतीच्या आत लिहून दिलं नाई तं साऱ्या दुकानातले काउंटर बंद.

अन् संक्रांतीले काय केलं त्याईनं, ऐका. दुकानाच्या वरच्या हॉलमंधी कंपनीनंच हळदीकुंकू ठेवलं. साहेबाची बायको आली, मोठी गोड बोलली, अन् वाण काय तं लाल प्लास्टिकचं स्टूल, वरती तिळगुळाची पुडी. पहिलं नाव माहं घेतलं. आता वाण कोणी नाकारते का? अन् वाण म्हटलं का घरीच न्यायचं, देणाऱ्याच्या इथं ठेवून येते का कोणी? साऱ्या बायाईनं नेलं, कोणी गाडीवर, कोणी ऑटोत. मी तं येडी, खूश झाली, वाटलं मागणी मान्य झाली. घरी आमचे हे म्हणाले, काहून आणलं हे घरी, काउंटरवर पायजे होतं नं. मी म्हटलं, वाण आहे, तुम्हाले नाई समजत.

आमच्या यायले समजलं होतं बापा, मलेच नाई समजलं. पुढच्या बैठकीत साहेबानं फोटो पुढं सरकवला. स्टूल का तो हो गया ना बहनजी, आप लोग घर ले गए तो हम क्या करें. अन् मागणीवर आडवी रेघ मारली. फोटोत मी, कमरेवर स्टूल, दात दाखवून राहिली.

फोटोत मंदा नाई. नवरा नसलेल्या बाईले हळदीकुंकवाले बोलवत नाईत, तिले त्या दिवशी खाली सांगतलं का तू एकटी तीन-तीन काउंटर सांभाळ. मी स्टूल घेऊन तिच्या पुढून गेली ताई. तिनं पाहलं, अन् मले तवा काहीच वाटलं नाई. साहेबाचा राग येते तो येतेच, पण याचा राग मले माह्यावरच येते, अन् तो जातच नाई.

बैठकीच्याच सांजेले मंदाच्या घरी गेली. म्हटलं, मंदे, चुकलं माहं. ती म्हणे, मले वाण नाई पायजे निर्मले, मले बसाले पायजे.

मंग मी दारोदार फिरली, म्हटलं स्टुलं परत आणा. कोणाच्यावर पाण्याचा माठ होता, कोणाच्यावर सासू बसून राहिली होती. आज सकाळी साऱ्या घेऊन आल्या, पहा दुकानापुढं कशी लाईन लागली. साहेबाचा फोन आला, म्हणे वाण असं रस्त्यावर आणतात का, अपशकुन होते. मी म्हटलं होऊ द्या, तुमच्याच दारात होऊन राहिला. आता अकराले सदरले शेवटची बोलणी आहे. लिहून दिलं तं ठीक, नाई तं उद्यापासून हडताळ, मंग नोकरी जावो का राहो.

नाई नाई, तुम्ही बसा ताई, मी उभीच बरी. माहं स्टूल मंदाले दिलं. ती पहा तिकडं, पाय लांब करून बसली. इतक्या वर्षांत तिले या दुकानापाशी अशी बसलेली मी आज पहिल्यांदा पाहून राहिली. बस वं माय, खूप बस.